वढवाणा जलाशय आणि डभईचा परिसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बडोदे संस्थानच्या इतिहासाची साक्ष म्हणून परगावच्या पाहुण्याला आपण लक्ष्मीविलास राजवाडा दाखवितो, न्यायमंदिर आणि कीर्तिमंदिर दाखवितो, सयाजीबागेतील संग्रहालयाची फेरी घडवितो. हे सर्व योग्यच आहे. परंतु एखाद्या राज्यकर्त्याचे मोठेपण त्याने बांधलेल्या इमारतींवरून जितके कळते त्याहून अधिक ते त्याने अडविलेल्या पाण्यावरून कळते. इमारत राजधानीत उभी राहते आणि तिच्यावर संस्थापकाच्या नावाची कोनशिला बसते. तलाव दूर खेड्यात असतो, त्याच्या मातीच्या बांधावर गवत उगवते आणि दोन पिढ्या गेल्या की तो कोणी बांधला हेही लोक विसरतात. बडोद्याच्या आग्नेयेस डभई तालुक्यात असलेला वढवाणा जलाशय हा असाच एक विस्मृत तलाव होता. अलीकडे त्याचे नाव पुन्हा ऐकू येऊ लागले आहे, ते मात्र शेतीमुळे नव्हे, तर पक्ष्यांमुळे.

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने निघणाऱ्या या अंकात तलावावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका सनात आहे. १९१० साली वढवाण्याचा तलाव सिद्ध झाला. त्याच १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला पाचारण केले आणि बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांच्या चळवळीचा पाया घातला गेला. एकाच राजवटीच्या एकाच वर्षातील ही दोन कार्ये वरवर पाहता एकमेकांपासून दूरची वाटतात. ती तशी नाहीत, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

छप्पन्नचा दुष्काळ

विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, हे वर्ष गुजरातच्या लोकस्मृतीत 'छप्पनियो' या नावाने कोरले गेले आहे. पाऊस पडला नाही, चारा मिळाला नाही, आणि ज्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ फारसा पाहिला नव्हता त्या प्रदेशातील लोक त्याच्याशी झुंजण्यास सर्वथा असमर्थ ठरले. बडोदे संस्थानची शिरगणती या आपत्तीचे मोजमाप देते. १८९१ साली संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ साली ती सुमारे १९ लाख ५३ हजार भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे कमी झाली. त्यात रोगराईचाही वाटा होता, परंतु मुख्य घाला दुष्काळाचाच होता.

महाराजांना १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभाराची पूर्ण मुखत्यारी मिळाली, त्यानंतरचे पाणीविषयक पहिले मोठे कार्य म्हणजे राजधानीस पाणी पुरविणारे आजव्याचे सयाजी सरोवर. १८८५ साली त्याच्या कामास आरंभ झाला आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते पाणी बडोदे शहराच्या नळांतून वाहू लागले. आजही शहराच्या मोठ्या भागाची तहान आजवा भागवितो. परंतु शहराची सोय झाली तरी खेड्यांचे काय, हा प्रश्न छप्पन्नच्या दुष्काळाने अतिशय निष्ठुरपणे विचारला.

या काळात बडोद्याच्या कारभारात एक व्यक्ती आली, तिचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. रमेशचंद्र दत्त हे १९०४ ते १९०७ या काळात संस्थानच्या महसुली कारभाराचे प्रमुख होते आणि १९०९ साली ते दिवाण झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बडोद्यातच त्यांचा अंत झाला. बडोद्यास येण्यापूर्वीच, १९०० साली, हिंदुस्थानातील दुष्काळांविषयी लॉर्ड कर्झन यांना उद्देशून लिहिलेली त्यांची खुली पत्रे प्रसिद्ध झाली होती. दुष्काळ हा केवळ पावसाचा दोष नसून भरमसाट सारा आणि पाटबंधाऱ्यांची उपेक्षा ही त्याची कारणे आहेत, असे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. अशा विचारांचा मनुष्य ज्या दरबारात मानाने वावरत होता, त्या दरबाराने दुष्काळानंतरच्या दशकात तलावांकडे लक्ष पुरविले यात नवल नाही. वढवाणा हा १९१० चा, तर संस्थानच्या उत्तर भागात कडी तालुक्यातील थोळचा तलाव १९१२ चा. दोन्ही तलाव शेतीसाठीच बांधले गेले.

जलाशयाची रचना

वढवाणा हा नदीवर भिंत घालून अडविलेला जलाशय नव्हे. त्याची योजना समजून घेण्यासारखी आहे. छोटा उदेपूरच्या डोंगराळ मुलखातून वाहत येणारी ओरसंग नदी चांदोदजवळ नर्मदेस मिळते. तिचे पात्र रुंद आणि वाळूचे. पावसाळ्यात ती दुथडी भरून धावते आणि हिवाळा संपता संपता वाळूखाली नाहीशी होते. अशा नदीवर मोठे धरण बांधणे खर्चाचे आणि जोखमीचेही. म्हणून जोजवा येथे नदीच्या पात्रात बंधारा घालून पुराचे पाणी वळविण्यात आले आणि ते कालव्याने वढवाण्याच्या सखल भूमीवर आणून मातीच्या बांधामागे साठविण्यात आले. बंधारा एका ठिकाणी, तलाव दुसऱ्या ठिकाणी आणि लाभ तिसऱ्या ठिकाणी, अशी ही त्रिस्थळी व्यवस्था आहे. जोजवा-वढवाणा योजना या जोडनावानेच ती ओळखली जाते. आसपासच्या पंचवीसेक गावांच्या शेतीला या पाण्याचा आधार मिळाला.

या रचनेचा एक परिणाम योजकांच्या मनातही नसावा. सपाट प्रदेशावर पसरलेले पाणी उथळ राहते. काठाला घोटाभर, थोडे आत गुडघाभर, आणि मध्यभागी त्याहून खोल, असे त्याचे थर आपोआप होतात. शिवाय पावसाळ्याअखेर भरलेला तलाव हिवाळ्यात गव्हासाठी पाणी सोडले जाते तसतसा हळूहळू उतरतो आणि काठाची ओली माती उघडी पडत जाते. ज्याला शेतकरी पाण्याची घट म्हणतो, ती चिखलात किडे शोधणाऱ्या पक्ष्याला वाढून ठेवलेली पंगत असते. सुमारे ६३० हेक्टरांच्या या परिसरात पाणी, चिखल, पाणवनस्पती आणि भोवतालची शेते अशा चार प्रकारच्या भूमी एकमेकींना लागून आहेत. पक्ष्यांना याहून अधिक काय हवे?

हिवाळ्यातील पाहुणे

मध्य आशिया आणि सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत पक्ष्यांच्या स्थलांतराचा जो मोठा आकाशमार्ग आहे, त्याला शास्त्रज्ञ मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. या मार्गाने ये-जा करणाऱ्या ८० हून अधिक जातींचे पक्षी वढवाण्यास हिवाळा काढतात. दिवाळीनंतर त्यांचे थवे उतरू लागतात आणि होळीच्या सुमारास परतीची तयारी सुरू होते. म्हणून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ पक्षिनिरीक्षणास उत्तम होय.

पाण्याच्या कोणत्या थरात कोण बसले आहे, हे पाहिले तर नवशिक्यालाही पुष्कळ पक्षी ओळखता येतात. उथळ पाण्यात पसरट चोचीने पाणी गाळीत फिरणारा तो थापट्या. लांब टोकदार शेपटीचा आणि डौलदार मानेचा तो तलवार बदक. ही बदके डोके पाण्यात घालून शेपूट वर करतात, पण बुडी मारीत नाहीत. खोल पाण्यात मात्र लालसरींचे राज्य असते. पूर्ण बुडी घेऊन तळाच्या वनस्पती खाणारे हे पक्षी. त्यांतही तांबड्या-केशरी डोक्याची आणि लालभडक चोचीची मोठी लालसरी पश्चिम भारतात अन्यत्र फारशी दिसत नाही. वढवाण्यास ती दर हिवाळ्यात नियमाने येते, हे या तलावाचे एक वैशिष्ट्यच मानले जाते. काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी तर येथे दिंडीनेच वावरतात. त्यांना आपल्या पूर्वजांनी हे नाव दिले ते किती समर्पक आहे, याची खात्री येथे पटते.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंसकुळातील पक्षी तिबेट आणि मंगोलियाच्या बाजूने हिमालय ओलांडून येतो. जगातील अत्यंत उंचावरून उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. दिवसा हे कादंब पाण्यात अथवा काठावर विश्रांती घेतात आणि संध्याकाळी शेतांकडे वळतात. शेतातील कोवळ्या पिकावर त्यांचा डोळा असतो, ही गोष्ट शेतकऱ्याला आवडणारी नाही. तिचा विचार पुढे करू. नारिंगी रंगाचा चक्रवाक संस्कृत काव्यामुळे आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. रात्री विरहाने व्याकुळ होणारे हे जोडपे कवींनी अमर केले. प्रत्यक्षात ही जोडी दिवसा व रात्रीही एकमेकांच्या सान्निध्यातच असते, इतकेच. कवींचे पुस्तक वाचून गेलेल्या रसिकाला येथे दुर्बिणीतून ते पात्र सजीव दिसते, हा आनंद निराळाच आहे.

याशिवाय चित्रबलाक, चमचे, शराटी, पाणकावळे, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या आणि सुरय हे पक्षी येथे पाहावयास मिळतात. जगभरात संख्या घटत चाललेल्या काही जातींचीही नोंद येथे झाली आहे. त्यांत पल्लसचा मत्स्यगरुड आणि डाल्मेशियन झोळीवाला हे प्रमुख होत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील अभ्यासकांनी या तलावावर वर्षानुवर्षे निरीक्षणे केली, तसेच वनखात्याच्या वतीने हिवाळ्यात पक्ष्यांची गणनाही होते.

या निरीक्षणांचे फलित म्हणून २०२१ साली वढवाण्याला रामसार करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. इराणमधील रामसार गावी १९७१ च्या २ फेब्रुवारीस झालेल्या या करारात भारत १९८२ साली सहभागी झाला. गुजरातेत २०१२ साली नळसरोवराला हा मान मिळाला होता. त्यानंतर २०२१ साली वढवाणा आणि थोळ या दोन्ही जागांची नावे एकदमच यादीत आली. हे दोन्ही तलाव निसर्गाने निर्माण केलेले नसून बडोदे संस्थानने शेतकऱ्यांसाठी बांधलेले आहेत, ही गोष्ट आपण बडोदेकरांनी अभिमानाने सांगितली पाहिजे. दुष्काळाला उत्तर म्हणून खोदलेल्या तलावांनी शंभर वर्षांनंतर हिमालयापलीकडच्या पक्ष्यांनाही आसरा दिला.

डभईचा कोट

वढवाण्यास जाणाऱ्या प्रवाशाने वाटेवरील डभई चुकवू नये. बडोद्यापासून सुमारे ३० किलोमीटरांवर असलेल्या या गावास गुजरातीत डभोई म्हणतात. त्याचे प्राचीन नाव दर्भावती. त्याच्या तटबंदीचा संबंध परंपरेने सिद्धराज जयसिंह या सोळंकी राजाशी जोडला जातो. तेराव्या शतकात वाघेला राजा विसलदेव याने येथे मोठे बांधकाम केले. चार दिशांना चार दरवाजे: पूर्वेस हिरा भागोळ, पश्चिमेस वडोदरी, उत्तरेस चांपानेरी आणि दक्षिणेस नांदोदी. गावाची वेस या अर्थाने गुजरातीत 'भागोळ' हा शब्द आहे, हे येथे सांगितले पाहिजे.

चारांमध्ये हिरा भागोळ सर्वांत अलंकृत आहे. तिला लागूनच कालिकामातेचे मंदिर आहे. देवदेवता, हत्ती, योद्धे आणि नर्तिका यांच्या पट्टिका एकावर एक रचलेल्या पाहताना डोळे थकतात, पण मन थकत नाही. या दरवाज्याशी निगडित एक लोककथा पाण्याशी संबंध असल्यामुळे आपल्या विषयाला धरून आहे. हिरा नावाच्या शिल्पीकडे कोटाचे काम सोपविले होते. तेन नावाच्या आपल्या प्रेयसीसाठी त्याने राजाच्या कामावरील दगड गुपचूप वळवून जवळच एक तलाव बांधला. राजाला हे कळताच त्याने हिराला भिंतीत जिवंत चिणण्याची शिक्षा दिली. परंतु दरवाज्याचे काम अपुरे राहिले आणि ते पुरे करू शकेल असा दुसरा कोणी कारागीर मिळेना. तेव्हा भिंत उघडली, तो हिरा जिवंत! भिंतीतील फटीतून त्याच्यासाठी तूप ओतले जात होते, त्यावर त्याने प्राण धरला होता. तेन तलाव या नावाचे गाव आणि तळे डभईजवळ आजही आहे. कथेची सत्यासत्यता बाजूस ठेवली तरी तिच्यातील लोकमानस पाहण्यासारखे आहे. राजाच्या किल्ल्यातील दगड चोरून तळे बांधणाऱ्या माणसाला लोकांनी चोर ठरविले नाही. दरवाज्याला त्याचे नाव दिले आणि तळ्याला त्याच्या प्रेयसीचे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाला एक चित्रकार-लेखक लाभला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात १७८० च्या जानेवारीत जनरल गॉडर्डच्या फौजेने डभई घेतली आणि तिचा कारभार जेम्स फोर्ब्ज याच्याकडे आला. सालबाईच्या तहानुसार १७८३ साली डभई मराठ्यांना परत मिळेपर्यंत तो येथे राहिला. आपल्या वास्तव्यात त्याने येथील इमारती, माणसे, झाडे आणि पशुपक्षी यांची वर्णने व चित्रे केली, ती पुढे १८१३ साली 'ओरिएंटल मेमॉयर्स' या चार खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. परकीय सत्तेचा अधिकारी म्हणून आलेला हा गृहस्थ डभईच्या दरवाज्यांचे सौंदर्य पाहून मुग्ध झाला होता, हे त्याच्या लेखनात जागोजागी दिसते.

डभईने विद्येचीही परंपरा जपली आहे. सतराव्या शतकातील जैन पंडित उपाध्याय यशोविजयजी यांनी आपला देह याच गावी ठेवला. गुजराती भक्तिकवी दयाराम हा चांदोदचा, आणि त्याच्या आयुष्याचा मोठा भाग डभईत गेला. त्याने गुजराती व व्रज भाषांखेरीज मराठीतही काही रचना केल्याचे गुजराती वाङ्मयाचे अभ्यासक सांगतात. सीमेवर राहणाऱ्या माणसाला दोन भाषा परक्या वाटत नाहीत, याचे हे एक जुने उदाहरण होय.

एप्रिल १७३१

मराठी वाचकाला डभई हे नाव प्रथम ऐकू येते ते मात्र एका दुःखद लढाईच्या संदर्भात. गुजरातवरील चौथाईचा हक्क कोणाचा, हा वाद पहिला बाजीराव पेशवा आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात पराकोटीस गेला. गुजरातेत मराठ्यांचा शिरकाव करून दिला तो दाभाडे घराण्याने आणि त्यांच्या हाताखालील सरदारांनी, तेव्हा पेशव्याने त्यात हात घालू नये, ही दाभाड्यांची बाजू. दाभाडे निजामाशी संधान बांधीत आहेत, ही पेशव्याची तक्रार. १ एप्रिल १७३१ रोजी डभई आणि भिलापूर यांच्या दरम्यानच्या माळावर दोन्ही मराठी सैन्ये एकमेकांस भिडली. त्रिंबकराव गोळी लागून ठार झाले. त्यांच्या बाजूने लढणारे पिलाजीराव गायकवाड जखमी झाले आणि त्यांचा पुत्र सयाजी रणांगणी पडला.

विजय पेशव्याचा झाला, पण सुतक दोन्ही घरी आले. शाहू महाराजांनी त्रिंबकरावांच्या मातोश्री उमाबाई यांची समजूत काढण्यासाठी पराकाष्ठा केली. त्रिंबकरावांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना सेनापतिपद देण्यात आले, गुजरातच्या उत्पन्नाची वाटणी ठरली आणि प्रत्यक्ष कारभार पिलाजीरावांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी डाकोर येथे मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी पिलाजीरावांचा दग्याने वध केला. तथापि त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी राज्याची घडी बसविली. गायकवाडी राज्याचा उदय असा एका पराभवातून झाला. ज्या भूमीवर मराठ्यांनी मराठ्यांचे रक्त सांडले, त्याच भूमीवर पावणेदोनशे वर्षांनी त्या पराभूत सरदाराच्या वंशातील राजाने तलाव बांधला. इतिहासात न्याय नसतो असे म्हणतात. कधी कधी भरपाई मात्र असते.

आगगाडी, चांदोद आणि गरुडेश्वर

डभईचे आणखी एक ऐतिहासिक महत्त्व आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली मियागाम ते डभई हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकण्यात आला. हिंदुस्थानातील अरुंद मापाचा हा पहिला मार्ग. रूळ इतके हलके होते की त्यावर आरंभी इंजिनाऐवजी बैल गाडी ओढीत! पुढे रूळ बदलून १८७३ साली वाफेची गाडी नियमित धावू लागली आणि कालांतराने डभई हे अरुंद मापाचे जगातील एक सर्वांत मोठे जंक्शन बनले. आता येथून जाणारे मुख्य मार्ग रुंद झाले आहेत. डभई-चांदोद मार्ग रुंद होऊन १७ जानेवारी २०२१ पासून गाड्या केवडियापर्यंत जाऊ लागल्या.

वेळ असल्यास चांदोदचा त्रिवेणी संगम पाहावा. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती येथे मिळतात अशी श्रद्धा आहे. वढवाण्यास आणलेले पाणी ज्या ओरसंगेचे, ती येथे आपला प्रवास संपविते. संगमाच्या परिसरातील गंगनाथ आश्रमाशी, बडोदे संस्थानच्या सेवेत असताना, अरविंद घोष यांचा संबंध आला होता. पुढे नर्मदेच्या काठाने गेल्यास गरुडेश्वर लागते. कोकणातील माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, यांनी १९१४ साली येथे समाधी घेतली. त्या दत्तस्थानी मराठी भाविकांची वर्दळ वर्षभर असते. संखेडा या गावी लाकडावर लाखेची रंगीत नक्षी काढण्याची कला कारागिरांच्या घराण्यांत पिढीजात चालत आली आहे, तीही अवश्य पाहावी.

पाणी आणि पुस्तक

आता प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. वढवाण्याचा तलाव बांधला जात होता त्या काळात, १९०९ साली, बडोद्यास मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे व्यवसायाने शल्यचिकित्सक आणि आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा प्रचंड ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ साली, प्रसिद्ध झाला. साहित्य आणि निसर्गविज्ञान यांच्यामध्ये भिंत नव्हती, असा तो काळ होता. एका वनस्पतिशास्त्रज्ञाला साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद द्यावे, यात त्या पिढीला काही वावगे वाटले नाही.

बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यात राहिला. महाराजांनी राजवाड्यातील सुमारे २० हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास दिले. ग्रंथपालांसाठी वर्ग निघाले. 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांत मजकूर देऊ लागले. परंतु या योजनेचे खरे मर्म खेड्यांत होते. गावाने एक वाटा उभारावा, तितकाच पंचायतीने द्यावा आणि तितकाच सरकारने घालावा, या तत्त्वावर गावोगाव ग्रंथालये निघाली. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. जोजव्यास अडवून वढवाण्यास साठविलेले आणि कालव्यांनी शेताशेतांत पोचविलेले पाणी आठवले, तर ही योजनाही त्याच बुद्धीची अपत्य असल्याचे दिसेल. साठा एका ठिकाणी, वाटप सर्वत्र. साठा केला पण वाटला नाही, तर तो मालकाचा संग्रह होतो, मग ते पाणी असो की पुस्तके असोत. उलट, वाटले पण साठा राखला नाही, तर दुसऱ्या हंगामात वाटण्यास काही उरत नाही.

वढवाण्यापुढे आज हाच प्रश्न उभा आहे. कमी पावसाच्या वर्षी शेतकऱ्याला शेवटचे पाणीही पिकासाठी हवे असते आणि ते मागण्याचा त्याचा हक्क जुना आहे. तलाव त्याच्यासाठीच बांधला गेला. पक्ष्यांना मात्र हिवाळाभर काही पाणी टिकले पाहिजे. कादंबांनी कोवळे पीक चरले तर तोटा शेतकऱ्याचा होतो आणि त्या कादंबांची छायाचित्रे काढून आनंद मात्र शहरातील माणसे घेतात. शिवाय २०१८ साली केवडिया येथे सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिल्यापासून या रस्त्याने प्रवाशांची रीघ लागली आहे. रामसार करारात 'सुज्ञ वापर' असे एक तत्त्व आहे. पाणथळ जागेला कुंपण घालून माणसांना बाहेर काढावे असे ते सांगत नाही. तिचा उपयोग असा करावा की ती पुढच्या पिढीसही उपयोगी पडेल, एवढेच ते सांगते. हा तोल केवळ वनखात्याने साधावयाचा नाही. पिकाचे नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याला विश्वासात घेतल्याखेरीज, आणि पाहुण्यांमुळे गावाला काही प्राप्ती झाल्याखेरीज, तो साधणारही नाही. तलाव बांधणाऱ्यांनी शेतकऱ्याचा विचार प्रथम केला होता. पक्ष्यांचा विचार करणाऱ्यांनीही तो प्रथमच करावयास हवा.

सभासदांना विनंती

या लेखाचा हेतू केवळ माहिती देण्याचा नाही. येत्या हिवाळ्यात सभासदांनी सहकुटुंब वढवाण्यास जावे, अशी आग्रहाची सूचना आहे. पहाटे निघावे, म्हणजे सूर्य वर येण्यापूर्वी बांधावर पोचता येते. सकाळची पहिली दोन-तीन तासांची वेळ पक्षी पाहण्यास सर्वोत्तम. कपडे मातकट अथवा हिरव्या रंगाचे असावेत, आवाज बेताचा असावा आणि थवा उठवून छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा. हजारो कोस उडून आलेल्या पक्ष्याला प्रत्येक अनावश्यक भरारी महाग पडते. दुपारी डभईस परतून हिरा भागोळ पाहावी आणि शक्य झाल्यास संध्याकाळी चांदोदचा संगम गाठावा. मुलांना पक्ष्यांची मराठी नावे शिकवावीत. वारकरी, थापट्या, चक्रवाक, लालसरी ही नावे तोंडी राहिली तरच भाषेत राहतील.

आणखी एक काम आपल्यासारख्या संस्थेने अंगावर घ्यावे असे वाटते. तलावाच्या भोवतालच्या गावांत बांधाच्या, कालव्याच्या आणि पाणीवाटपाच्या आठवणी सांगणारे वृद्ध अद्याप भेटतील. त्यांच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या छप्पन्नच्या हकिगतीही मिळतील. अशा आठवणी वहीत उतरल्या नाहीत, तर त्या माणसांबरोबर जातात. आपल्या सभासदांपैकी अनेकांना गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषा सारख्याच अवगत आहेत. गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलून आपल्या भाषेत टिपून ठेवणे त्यांना सहज शक्य आहे. अशी एखादी वही आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात जमा झाली, तर दुसऱ्या शताब्दीचा आरंभ एका चांगल्या नोंदीने होईल.